पूर्वेकडे तोंड केलेला बाक

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गुडघ्यांनी दगा दिला आणि बाबांनी बैठकीतल्या खुंटीवरची दुर्बीण काढून माझ्या हातात ठेवली. "तुझ्या खोलीत ठेव वं. जंगलात तासन्‌तास उभं राहणं मले आता जमत नाही. माझ्यापायी तुम्ही काहून खोळंबता?"

माझा जीव तुटला. पाखरं ओळखायला मला त्यांनीच शिकवलेलं. म्हटलं, बसायला जागा नाही एवढंच ना? मग जागाच करू!

पारशिवनीपुढच्या वनउद्यानात, नाल्याच्या डोहाजवळ बाक बांधायची परवानगी आम्ही मैत्रिणींनी काढली. तिथल्याच रामाजी मिस्त्रींनी पाठ टेकता येईल असा दगडी बाक बांधला. सिमेंट वाळल्याबरोबर मी बाबांना अक्षरशः ओढून काढलं.

जाणार असाल तर नागपूरहून पहाटेची एस.टी. धरा. मागच्या सीटवर मात्र बसू नका, हाडं खिळखिळी होतात. पारशिवनीच्या स्टँडबाहेर आलूबोंडे झकास मिळायचे. पुढे कच्चा रस्ता, म्हणून आम्ही रामाजींच्या बैलबंडीत बसलो. मी बडबडत होते, बाबा नुसते मागे पडणाऱ्या रस्त्याकडे बघत होते.

डोहाशी बाबा बाकावर टेकले. मी दुर्बीण पुढे केली, तर त्यांनी डोळेच मिटले. सकाळचं ऊन थेट तोंडावर! समोरच्या फांद्यांवरची पाखरं नुसती काळ्या ठिपक्यांसारखी.

"रामाजी, बाक असा काहून बांधला हो?"

"बाई, मोठ्या माणसाले पूर्वेकडेच तोंड करून बसवतेत ना! नारळ फोडून बांधला मी."

मला रडूच कोसळलं. रामाजी बिचारे ओशाळले. "फोडतो बाई, फिरवून देतो."

"खबरदार हात लावशील तर!" बाबा गरजले. कित्येक महिन्यांनी तो आवाज ऐकला. "इतक्या मायेनं बसवलं मले. सूर्य का तिथंच मुक्काम करून राहणार आहे? थांबू दुपारपर्यंत."

"अन् दुपारची परतीची गाडी?" मी विचारलं.

"जाऊ दे गाडी!"

पोळी आणि जवसाची चटणी खाल्ली. रामाजी आणि बाबा आपापल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगत बसले. ऊन हळूहळू आमच्या पाठीशी गेलं आणि समोरची झाडं उजळली. तेवढ्यात बाबांचा लाडका पक्षी, दूधराज आला. लांब पांढरी शेपटी सांभाळत डोहात बुडी मारली, फांदीवर बसून अंग झटकलं, पुन्हा बुडी!

"पोरी, आला वं!" माझ्या हातातली दुर्बीण ओढून घेत बाबा कुजबुजले. डोळ्यांत पाणी, तरी दुर्बीण काही खाली होईना. पक्षी उडून गेला तरी ते तसेच बसून होते. बाप्पा, काय सुख वाटलं मला!

रात्री रामाजींकडेच मुक्काम केला. त्यांच्या घरच्यांनी आग्रह करकरून जेवू घातलं. तुम्ही गेलात तर दुपार कलल्यावरच त्या बाकावर बसा, सकाळी डोळे दिपतात.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. सवयीनं मी दुर्बीण घेऊन माझ्या खोलीकडे वळले.

"तिकडे कुठं नेऊन राहिली?" बाबा चप्पल काढता काढता म्हणाले. "माझ्या खुंटीवर टांग."