अडतीसची नाडी आणि पहिला चहा

"ही नाडी चांगली असं तुम्हाला कोणी सांगितलं?" ईसीजीच्या कागदावरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या क्लबनं," मी म्हणाले.

माझी नाडी मिनिटाला अडतीस होती. खरं सांगते, डॉक्टर कौतुक करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे. आता इथून उठायचं नाही. बाथरूमलाही चालत जायचं नाही."

हा शब्द ज्यांना पहिल्यांदा ऐकावा लागेल, त्यांच्यासाठी आधीच सांगते. हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणं नव्हे. मलाही तेच वाटलं होतं, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकालाही तेच वाटत होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे प्रत्येक ठोक्याला विजेचा एक निरोप जातो. तो वाटेतच अडला, की खालचे कप्पे आपल्या मनानं, संथपणे चालत राहतात. माझे तसे चालले होते. किती वेळ चालतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. स्टेंटचा इथे संबंध नाही. उपाय एकच, पेसमेकर.

मी सत्तेचाळीस वर्षांची. बीडच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. नवरा घाटनांदूरला शिक्षक, शनिवारी घरी येतो. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायला लागली म्हणून चार वर्षांपूर्वी मी सकाळी मैदानावर चालायला गेले आणि तिथल्या पळणाऱ्यांनी मला आपल्यात ओढलं.

ओढलं म्हणजे शेषरावकाकांनी ओढलं. काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. अठ्ठावन्नाव्या वर्षी साखर निघाली तेव्हा पळायला लागले, आज पासष्टीचे आहेत. बीडमध्ये निदान चाळीस माणसं त्यांनी पळायला शिकवली. स्वतः मुद्दाम सगळ्यांच्या मागे पळतात. शेवटचा माणूस फाटकातून आत आल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नाहीत. मला पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दम लागला, तेव्हा म्हणाले, "बोलता येतंय का? मग पळता बी येतंय. बोलता येईना झालं की चालायचं." या एका वाक्यावर मी पुढे दहा किलोमीटरपर्यंत गेले.

आमच्या क्लबाचा एक रिवाज होता. रविवारी सकाळी अंथरुणात असतानाच स्वतःची नाडी मोजायची, आणि पळून झाल्यावर लिंबाखाली बसलो की आकडा सांगायचा. ज्याची सगळ्यांत कमी, त्याला थर्मासातला पहिला चहा. पळणाऱ्यांचं हृदय ताकदवान होतं, कमी ठोक्यांत काम भागवतं, म्हणून कमी नाडी म्हणजे मेहनतीची पावती. हे खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आम्हा कुणाला माहीत नव्हतं.

मी आले तेव्हा माझी नाडी सत्तरच्या वर होती. दोन वर्षांत अठ्ठावन्नवर आली. मग या वर्षी एका रविवारी एकदम सेहेचाळीस. पुढच्या रविवारी चव्वेचाळीस.

"इंजिन नीट बसलं की आवाज कमी येतो," काका चहा माझ्या हातात देत म्हणाले. "तुजं इंजिन बसलंय, लेकी."

"काका, हा अन्याय हाय," आमचे वकीलसाहेब म्हणाले. अंगानं भरलेले, कायम शेवटून दुसरे. "माजी सत्तरच्या खाली येतच न्हाई."

"तुमची जीभ थांबू द्या, मग नाडी बी उतरंल."

असे पाच रविवार पहिला चहा मी प्याले. त्याच पाच आठवड्यांत मला दुकानाचा जिना चढताना कठड्याला धरावं लागत होतं. रोजचं अंतर पळायला दहा मिनिटं जास्त लागत होती. एकदा भांडी घासताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बुटांना दोष दिला, उन्हाला दिला, वयाला दिला. नाडीवर मात्र शंका घेतली नाही, कारण तिचं तर कौतुक चाललं होतं.

शंका घेतली शमीमनं. शमीम सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे आणि आमच्यात सगळ्यांत वेगवान बाई. ड्युटी संपवून, कपडे बदलून, सलवार आणि बुटांवर सरळ मैदानात येते आणि तरुण पोरांना मागे टाकते. कधी आकडे सांगत नाही, कधी घड्याळ दाखवत नाही. तो महिनाभर तिला रविवारची ड्युटी लागलेली होती, म्हणून माझं कौतुक तिच्या कानावर उडत उडत आलं होतं. मंगळवारी ती मला भेटली. दोन फेऱ्या मारून मी कमरेवर हात ठेवून उभी होते.

"ताई, नाडी लई कमी आलीय म्हणं तुमची?" असं म्हणत तिनं सहज माझं मनगट धरलं. मग तिची बोटं तिथंच राहिली. तिनं पूर्ण एक मिनिट मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"खाली बसा."

"अजून दोन फेऱ्या राहिल्यात माझ्या."

"फेऱ्या गेल्या खड्ड्यात. पळून आलात आन् चाळीस? शंभराच्या वर पाहिजे आत्ता. बसा म्हणते ना! वकीलसाब, रिक्षा बोलवा. हसताय कावून? पळा!"

हेच ते उरलेलं अर्धं. पळणाऱ्याची नाडी आरामात कमी असते, पण पळताना ती चढते. माझी चढतच नव्हती. मी पळो की झोपो, खालचे कप्पे आपल्याच तालात. वकीलसाहेब त्या दिवशी फाटकापर्यंत जे पळाले, तसं त्यांना पळताना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं.

तासाभरात ईसीजी झाला. तिथून ॲम्ब्युलन्सनं संभाजीनगर. शमीम रजा टाकून माझ्याबरोबर आत बसली. वाटेत तिनं मला एकदाही धीर दिला नाही. मॉनिटरकडे बघत राहिली आणि मला झोपू देत नव्हती. गेवराई मागे पडली तेव्हा तिनं विचारलं, "वांग्याची भाजी कशी करता तुमी?" मी सांगितली. मग तिनं त्यात तीन चुका काढल्या. त्या अडीच तासांत मला घाबरायला फुरसत मिळाली नाही. हे तिनं मुद्दाम केलं, हे मला नंतर कळलं.

पोचल्याबरोबर टेंपररी पेसिंग केलं. म्हणजे जांघेतल्या शिरेतून एक तार हृदयापर्यंत नेतात आणि बाहेर ठेवलेली पेटी ठोके देते. पेटी सुरू झाली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा डोकं हलकं वाटलं. मग रक्त तपासलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. हृदयाचा स्नायू चांगला होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पळण्यानं हे झालेलं नाही. पळत होतात म्हणून इतके दिवस तग धरलात." हे वाक्य मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तोवर तो घाटनांदूरहून आला होता आणि माझ्या बुटांकडे रागानं बघत होता.

दोन दिवसांनी कायमचा पेसमेकर बसवला. पूर्ण भूल देत नाहीत, फक्त जागा बधिर करतात. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा खिसा, त्यात यंत्र, त्यातून दोन तारा हृदयात. दुखत नाही, दाबल्यासारखं वाटतं. सगळं बोलणं ऐकू येतं, म्हणून मी टेबलावरच विचारलं, "मॅडम, मला पळता येईल का?"

"आज हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "सहा आठवड्यांनी ट्रेडमिल टेस्ट करू. त्या दिवशी ठरवू."

मी वाचले होते. पण पुढचे सहा आठवडे माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न नव्हता. ज्याला पळायची सवय नाही त्याला हे वेडेपणाचं वाटेल, वाटू द्या.

बायकांसाठी चार गोष्टी लिहिते, कारण त्या मला कुणी सांगितल्या नाहीत. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. वेणी दुसऱ्याकडून घालून घ्या, पुढे बटणाचे कपडे घाला. आतल्या कपड्याचा पट्टा बरोबर जखमेवर येतो. जुन्या सुती साडीची मऊ घडी शिवून पट्ट्याखाली लावा. मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवायची सवय असेल तर ती त्याच दिवशी सोडा. आणि पेसमेकरचं कार्ड पर्समध्ये कायम ठेवा. खांदा मात्र आखडू देऊ नका. भीतीनं हात अजिबात न हलवणाऱ्या बायका मी तिथल्या वेटिंग रूममध्ये पाहिल्या.

तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी चालायला परवानगी मिळाली. वकीलसाहेबांनी माझ्याबरोबर कोण कोणत्या वारी चालणार याची यादी करून दुकानाच्या दाराला चिकटवली. एकही दिवस चुकला नाही. बुधवार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. चाळीस मिनिटं ते एका बांधाच्या भांडणाची केस सांगत आणि वर म्हणत, "बघा ताई, माजं हृदय चारचौघांसारखं चालतंय, म्हणून मी कायम गार चहा प्यालो." त्यांच्या पळण्यावर आम्ही हसायचो. माणूस भरवशाचा आहे हे मी आता लेखी द्यायला तयार आहे.

यादीत एक नाव नव्हतं. काका. ते दवाखान्यात आले नाहीत, घरी आले नाहीत, आणि मैदानावरही येत नाहीत असं शमीम म्हणाली. क्लबानं चहाचा रिवाज बंद करून नाडी उठल्यावर आणि पळाल्यावर अशी दोनदा मोजायला सुरुवात केली होती. तेही काकांना फोनवरच कळलं होतं.

ट्रेडमिल टेस्ट झाली. चालत्या पट्ट्यावर वेग वाढवत नेतात आणि ठोके बघतात. माझे चढले. मॅडमनी यंत्राची सेटिंग थोडी बदलली आणि म्हणाल्या, "पळा. पण हळू. आणि पहिले तीन महिने एकटीनं नाही." मी थँक यू म्हणून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून सरळ काकांच्या घरी गेले.

काका ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, पण डोळे वर करेनात.

"पाच रविवार," ते म्हणाले. "पाच रविवार मी माज्या हातानं तुला चहा दिला."

"दिलात. आणि मी प्याले. जिन्यावर दम लागत होता, ते तुम्हाला सांगितलं का मी?"

"शमीम नसती तर?"

"मेले असते. मेले नाही. आता पुढचं बोला."

"मी कुनाला शिकवायच्या लायकीचा न्हाई आता."

"शिकवू नका. मला डॉक्टरांनी हळू पळायला सांगितलंय आणि एकटीनं पळायचं नाही म्हणाल्यात. शमीम माझ्या वेगानं पळाली तर तिला झोप लागेल. अख्ख्या बीडात तुमच्याइतकं हळू कुणी पळत नाही. उद्या सहाला येते मी मैदानावर."

आतून काकू म्हणाल्या, "जावा की! दीड महिना झाला, घरात बसून भाजीला नावं ठेवतेत."

सकाळी मी पोचले तेव्हा काका फाटकात उभे होते. दोघांनी पळणं सुरू केलं. पहिल्या फेरीत माझं सगळं लक्ष छातीतल्या त्या यंत्राकडे. दुसऱ्या फेरीत लक्षात आलं की आपण बोलतोय, काकूंच्या भाजीबद्दल. शमीम बाजूनं दोनदा पुढे निघून गेली. वळून पाहिलं नाही, नुसता अंगठा वर केला.

या सगळ्यांचे आभार मानायचे राहिलेत. मला तोंडावर मानता येत नाहीत, म्हणून इथे लिहिते: माझं हृदय आता यंत्र चालवतं, पण मला त्या यंत्रापर्यंत माणसांनी पोचवलं, आणि परत मैदानावर आणलं तेही माणसांनीच. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी बघा, तुमचं मनगट धरणारं कोण आहे.

तिसऱ्या फेरीला माझे पाय आपोआप मोकळे झाले. मागून धापा ऐकू आल्या. दीड महिना घरात बसलेल्या माणसाला दम लागणारच.

"थांब की गं!" काका ओरडले. "म्हातारा हाय मी!"

इतक्या दिवसांत मला थांब म्हणणारे पुष्कळ भेटले होते. थांबायचं कारण मी नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. मी थांबले, आणि काकांना म्हणाले, "बोलता येतंय ना? मग या."