तनियप्पा आणि कोंडलेलं छप्पर

आमच्या कुंदबेट्टूत कौलं चढवायला तनियप्पा पुजारीच लागायचा. शनिवारी, आमच्या तुळूत तनियाराला, जन्मला म्हणून तनिया. केस पिकले तसं लोकांनी मागे अप्पा लावलं. अंगाने काटकुळा, बोलायला मंद, पण आढ्यावर असा बसायचा जसं आपण ओट्यावर बसतो. मी त्याच्या शेजारची. दिवसभर पडवीत विड्या वळायचे, आणि ताडीच्या दुकानाकडे पाय वळले नाहीत अशा संध्याकाळी तो माझ्या पायरीवर टेकायचा.

त्याचा एक हट्ट होता. आढ्याजवळ हवेची कौलं बसवल्याशिवाय तो छप्पर पुरं झालं असं म्हणायचा नाही. टोपीसारखा उंचवटा असलेली ती कौलं, पाऊस आत येत नाही पण वाफ बाहेर पडते. खाली भात उकडतो, चुली पेटतात, माणसं निजतात. ती सगळी वाफ वर जाते, तिला वाट नको का, एवढंच त्याचं म्हणणं. काही लोक मजुरीसाठी काम वाढवतोय म्हणून टोमणे मारायचे. तो ऐकून घ्यायचा आणि कौल बसवायचा.

नदीकाठच्या शेट्टींच्या घराला मात्र ही कौलं घरच्यांनीच मागून घेतली होती. मंजय्या शेट्टींना दमा होता. वर फळ्यांची तक्तपोशी असलेल्या खोलीत उशांना टेकून बसलेले असायचे. आढ्याकडे बोट दाखवून ते तनियप्पाला म्हणाले होते, ‘‘वर कुठेतरी नाकपुडी ठेव रे. घराला श्वास घेता आला तर मलाही येईल.’’ त्यांनी लग्न केलं नव्हतं. घर, आमच्याकडे बाईच्या वंशाने चालतं तसं, थोरल्या बहिणीचं, दुग्गम्मा शेडतींचं, आणि त्या दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला.

मंजय्या गेले. दिवसकार्य झालं, आणि आमच्या रीतीप्रमाणे दुग्गम्मांनी पान वाढून, दार उघडून त्यांना नाव घेऊन घरात बोलावलं. मेलेलं माणूस असं आत आलं की घरच्या पितरांत बसतं, मग त्याला भटकावं लागत नाही. मी तेव्हा अंगणात होते. सगळ्या बायका रडत होत्या, दुग्गम्मा रडल्या नाहीत. दारातून काही तरी आत जाताना दिसावं तशी त्यांची नजर उंबऱ्यावरून हळूहळू माळ्याच्या जिन्याकडे गेली.

थोड्याच दिवसांत त्यांनी तनियप्पाला बोलावून हवेची कौलं सिमेंटने बुजवायला लावली. कौलांचे सांधे, वळचणीच्या फटी, सगळं. वटवाघळांचा त्रास होतो म्हणाल्या. गावात मात्र कुजबुज झाली की म्हातारीला वरून भावाची हाक ऐकू येते, भीतीने बुजवतेय. तनियप्पाने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा थापी उचलली. घर त्यांचं होतं.

उन्हाळा लागला आणि त्या घरात गेलं की छाती जड व्हायला लागली. मी ताकासाठी जायचे. बाहेर पानं करपत होती, आणि आत तक्तपोशीतून थेंब गळत होता. सुपारी काळी पडली, तांदळाला वास आला. दुग्गम्मांची भाची शकुंतला डोकं बांधून बसलेली असायची. तिची तान्ही पोर झोपेत तोंड उघडून धापा टाकायची. मंजय्यांच्या खोलीत तक्तपोशीवर ओलाव्याचा डाग उमटला होता. आधी गोल होता. मग त्याला खांदे आले. नंतर पाय.

आणि आवाज. दुपारी सगळं शांत झालं की छपराखाली कुणी तरी दीर्घ श्वास आत घ्यायचं. मी ताकाचं भांडं धरून उभी राहायचे, आता सोडेल म्हणून. तो श्वास कधी सुटायचा नाही. एकदा शकुंतलाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुलाही ऐकू येतं ना, चंद्रावती?’’ मी लाकूड तडकतंय म्हणाले.

एके दिवशी पोर निळी पडली. पाठीवर थोपटून थोपटून तिचा श्वास परतला, तशी शकुंतला तडक तनियप्पाकडे धावली. शेजारून मीही त्यांच्याबरोबर निघाले. आम्ही पोहोचलो तेव्हा भरदुपार होती. माळ्याच्या दाराची किल्ली दुग्गम्मांच्या कनवटीला होती. त्या देईनात. शकुंतलाने पोर त्यांच्या मांडीवर ठेवली. मग किल्ली निघाली.

तनियप्पा वर गेला. बऱ्याच वेळाने उतरला तेव्हा अंग घामाने निथळत होतं. वर काय होतं ते त्याने तिथेच सांगितलं. वाशांवर पांढऱ्या बुरशीची लव होती. प्रत्येक कौलाच्या पोटाला पाण्याचे थेंब लोंबत होते. बुजवलेल्या भोकाखाली वटवाघळं मरून पडली होती, सगळ्यांची तोंडं त्या सिमेंटकडे. आणि मधोमध मंजय्यांची गादी अंथरलेली, उशी लावलेली, शेजारी पाण्याचा तांब्या. ती गादी चितेबरोबर जाळली असंच आम्ही समजत होतो. वरचं सगळं पाणी तिच्यात मुरून डाग खाली आला होता. डागाचा उलगडा झाला, पण कुणालाच हायसं वाटलं नाही. तांब्यातलं पाणी ताजं होतं.

‘‘भ्यायले नव्हते मी,’’ दुग्गम्मा म्हणाल्या. ‘‘बोलावलं, तो आला. परत जाऊ नये म्हणून बुजवून घेतलं. रोज बोलायचा माझ्याशी. अलीकडे बोलत नाही, नुसता श्वास घेतो.’’

तनियप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. ‘‘अम्मा,’’ तो म्हणाला, ‘‘धन्यांना दमा होता.’’

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावला, आणि भावाच्या मरणावर त्या पहिल्यांदा रडल्या ते तेव्हा. खूप वेळाने मान हलवून त्यांनी वर बोट केलं.

तनियप्पा शिडी लावून बाहेरून छपरावर चढला. छिन्नीचे घाव अंगणात ऐकू येत होते. पहिलं भोक फुटलं तेव्हा एक पानही हलत नव्हतं. त्या भोकातून श्वास सुटला. लांब, घरघरत, मंजय्या खोकल्यानंतर सोडायचे तसा. पडवीत बांधलेली गाय उभी राहिली. आतली कोंडलेली हवा होती ती, दुसरं काय असणार, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं आहे. तनियप्पाने उरलेली सगळी कौलं मोकळी केली, सांधे खरवडले, आणि गादी दोघा गड्यांनी कशीबशी खाली आणली. भिजून प्रेतासारखी जड झाली होती. नदीकाठी वाळवून ती जाळली.

पोर सुधारली. ती आता उडुपीला नांदते. घर सुकलं, डाग फिका झाला. दुग्गम्मा आणखी काही वर्षं जगल्या, पण आटी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, पितरांना पान वाढलं की त्या पानाकडे पाठ करून बसायच्या. तो आता येत नाही, एवढंच म्हणायच्या.

गादी जळत असताना त्यांनी तनियप्पाला हळूच एक विचारलं होतं: वर हात लावलास तेव्हा गार होती का? गार होती, असं त्याने सांगितलं.

पुढे सपाट स्लॅबची घरं आली, त्याचं काम कमी झालं, गुडघे गेले. माझ्या पायरीवर बसून पेज प्यायचा. एकदा वाडगा खाली ठेवून तो आपणहून म्हणाला, ‘‘मी अम्मांशी खोटं बोललो.’’

भर उन्हाळ्यात कौलांखाली काय गार राहणार, मी म्हटलं.

‘‘गादी गारच होती,’’ तो म्हणाला. ‘‘काठ गार, उशी गार, पाणी पिळून निघत होतं. मध्ये पाठीएवढा खळगा होता, तेवढाच ऊबदार. आणि कोरडा.’’

मग त्याने पेज संपवली आणि आणखी थोडी मागितली.