छापलेले प्रकरण मागे घेणारे चुरीसर

मोरेश्वर चुरीसरांची आणि माझी ओळख एका कार्बोरेटरमुळे झाली. मुलुंडच्या तंत्रशाळेत मोटारदुरुस्तीच्या वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्याच दिवशी कार्बोरेटर खोलताना स्प्रिंग उडून हरवली आणि वर्ग हसला. सर खाली वाकले, बाकाखालून स्प्रिंग शोधून माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "पहिल्या दिवशी माझ्या दोन उडाल्या होत्या. लाव परत."

सहा महिन्यांनी वडिलांनी माझे शिक्षण थांबवले. ते मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते, बोलणे रोखठोक. सर रविवारी नाहूरला आमच्या घरी आले, तेव्हा मुलीने मोटारीखाली आडवे व्हायचे हेच खुपणाऱ्या वडिलांनी सरळच विचारले, "मास्तर, चेडवान गाडयेखाली निजाचा? लोक काय म्हणतले?"

सरांनी वाद घातला नाही. माझी वही उघडून एकेक आकृती दाखवली आणि निघताना म्हणाले, "हिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. निर्णय तुमचा." सोमवारी वडील स्वतः मला वर्गापर्यंत सोडायला आले. आज नाहूरला माझे गॅरेज आहे, ते त्या रविवारामुळे.

निवृत्तीनंतर सरांनी जगातल्या छोट्या शहरी मोटारींचा इतिहास लिहायला घेतला. त्यांचे लाडके प्रकरण होते चीनमधल्या एका गोल दिव्यांच्या चिमुकल्या गाडीचे. सायकलीवरून थेट चारचाकीत बसलेल्या कितीतरी चिनी कुटुंबांची ती पहिली गाडी. आपल्याही रस्त्यांवर धावलेल्या एका कोरियन गाडीची ती नक्कल आहे, असा आरोप झाला होता. वाद कोर्टात गेला आणि कोर्टाबाहेर मिटला. सरांनी लिहिले होते : "दारांपासून इंजिनापर्यंत सारे उचललेले."

पुस्तक छापून झाले होते, बांधणी तेवढी व्हायची होती. प्रकाशन बारा दिवसांवर आलेले. त्याच आठवड्यात माझे एक गिऱ्हाईक, गोरेगावचे जहाजावरचे इंजिनियर, माझ्यासाठी शांघायहून त्या चिनी गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक घेऊन आले. मजकूर चिनी, एक अक्षर कळेना. पण इंजिनाची आकृती पाहिली आणि सिलिंडर मोजले. त्या कोरियन गाडीची इंजिने मी किती वेळा उघडली आहेत; त्यांना तीन सिलिंडर. इथे चार होते; म्हणजे इंजिन तरी उचललेले नव्हते.

दोन दिवस ते दुरुस्तीचे पुस्तक गॅरेजमध्येच पडून राहिले. ज्यांनी मला उभे केले, त्यांना चूक कशी दाखवायची? शेवटी पुस्तक घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, आकृतीवर बोट ठेवून मोजले. पुन्हा मोजले.

"हे कधी मिळालं?"

"परवा, सर."

"मग थांबलीस का गं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटतंय ना वाईट," सर म्हणाले. "मी ऐकून लिहिलं. बघून लिहिलं नाही."

माझ्यासमोरच त्यांनी मुद्रकांना फोन लावून बांधणी थांबवली. पलीकडचा वैतागलेला आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, वाट लागेल! पत्रिका गेल्यात सगळीकडे. सिलिंडर मोजायला कोण बसणारेय?"

"मी बसायला हवं होतं," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

समारंभ दोन महिने पुढे गेला. सरांनी प्रकरण नव्याने लिहिले. बाहेरच्या साम्याचा आरोप त्यांनी झाकला नाही. पण त्या छोट्याशा बोनेटमध्ये निराळे इंजिन बसवणाऱ्या अनामिक चिनी कारागिरांच्या मेहनतीलाही त्यात जागा मिळाली. प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी व्यासपीठावरून सगळी हकिगत सांगितली आणि मला उभे राहायला लावले. "ही माझी विद्यार्थिनी. हिच्यामुळे माझ्या नावावर खोटं लोकांपुढे गेलं नाही." मला मान वर करवेना. आपली चूक इतक्या शांतपणे सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. सध्या विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे प्रकरण सुरू आहे. दर गुरुवारी ते गॅरेजमध्ये येतात आणि प्रत्येक भाग स्वतः पाहिल्याशिवाय त्यावर ओळ लिहीत नाहीत. त्यामुळे काम फार हळू चालले आहे. ते असेच हळू चालो, प्रकरण पुरे व्हायला पुष्कळ वर्षे लागोत, आणि ती सारी वर्षे सरांना ठणठणीत प्रकृतीची लाभोत, एवढेच आम्हा विद्यार्थ्यांचे मागणे.