इग्वाना खोलीतून निसटला तेव्हा

मंडळी, चाळीच्या फळ्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेच्या बातमीखाली आज माझंच लिहितोय. रागावू नका.

माझ्या खलाशी मुलानं बोटीवरून आणलेला इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा तो दोन हात लांब हिरवा सरडा, आज खोलीतून निसटला. शेजारच्या वहिनींनी गणपतीसाठी दाराबाहेर काढून ठेवलेली जास्वंद त्यानं परडीतच फस्त केली.

"अगो बाय माझे, घोरपड!" वहिनी किंचाळल्या. हरताळामुळे सगळे घरीच, त्यामुळे अख्खी चाळ धावली. त्याला धरून आत आणलं, तर निम्मी चाळ मागोमाग माझ्या खोलीत! बायको गेल्यापासून पहिल्यांदाच चहाला कप कमी पडले.

आता सगळे गेलात. तो खिडकीत बसलाय. हे लिहून झालं की मीही बसेन.

वहिनी, उद्याही परडी तिथंच ठेवा. जास्वंद मी आणून देतो. दाराला कडी लावणार नाही.