पाण्यातले देव

परवा रविवारी सकाळी देवघर उघडलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच... म्हणजे जवळजवळ दीड महिन्यानं.

शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पूजेचं खातं बाबांकडे होतं. मी सकाळी कंपनीची बस पकडून हिंजवडीला पळणारा माणूस. माझा देवाशी संबंध बूट घालण्याआधीच्या नमस्कारापुरता. प्रमोशन, मुलीची ॲडमिशन असलं काही असेल, तर मात्र दोन मिनिटं जास्त उभा राहायचो.

बाबा पूजा करताना गणपतीशी चक्क गप्पा मारायचे. खडकवासल्यात पाणी किती उरलंय, कोपऱ्यावरचा दुकानदार कसा वसकन अंगावर आला, रात्री गुडघा किती ठणकला... सगळं. मागायचे मात्र काहीच नाहीत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, एवढं सांगताच आहात तर गुडघ्याचं तेवढं बघ म्हणावं. "त्याला दिसत नाही का?" एवढंच बोलून ते गंध उगाळत बसले.

बाबांना न्यूमोनिया झाला आणि आयसीयूत हलवलं, त्या संध्याकाळी मी घरी येऊन देव पाण्यात ठेवले. गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण... तांब्याच्या पातेल्यात तिघांनाही बुडवलं आणि बजावलं, बाबा घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही. एरवी मी असल्या गोष्टींना हसतो. घाबरल्यावर मात्र हेच आठवलं.

दुसऱ्या दिवशी भेटायला पाच मिनिटं मिळाली. बाबांनी मास्क बाजूला करून पहिली चौकशी केली ती देवांचं कोण बघतंय याची. मी मोठ्या फुशारकीनं पातेल्याचं सांगितलं... त्यांचा चेहराच पडला.

"अरे, काढ त्यांना बाहेर. मित्राला कोणी असं कोंडून ठेवतं का? मी इथे आहे, एवढं फक्त सांग त्याला."

आजच काढतो, असं मी म्हणालो. आणि काढले नाहीत. भीती वाटली... काढले आणि बाबांना काही झालं तर?

पहाटे फोन आला, बाबा गेले. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे ती थाप.

मग सुतक. पूजा बंद, देवघराचं दार बंद. तेरावं झाल्यावर माझी बायको मेधा हळूच म्हणाली, आता पूजा सुरू करायला हवी. मी तिच्यावर खेकसलो. ज्यानं माझं ऐकलं नाही, त्याचं तोंडही मला बघायचं नव्हतं. पातेल्याचं तिला माहीत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही.

परवा बाबांचे कपडे आवरायला घेतले, तर चष्मा कुठेच सापडेना. तो देवघरातच असणार...

होता. शेजारीच ते पातेलं. पाणी आटून अर्ध्यावर आलं होतं आणि गणपतीचा मुकुट तेवढा वर डोकावत होता. बाळकृष्ण बुटका, तो अजून पाण्याखालीच. बाबा दर आठवड्याला घासून लखलखीत ठेवायचे त्या देवांवर हिरवा थर चढला होता.

मी खालीच बसलो. चिंच आणि मीठ घेऊन एकेकाला घासलं. गणपती हातात होता, तेव्हा तोंडातून आपोआपच निघालं...

"बाबा गेले रे."

मग त्यांचा निरोपही सांगितला, आणि तो मी पोचवला नव्हता हेही. तेराव्यालाही रडलो नव्हतो तेवढा रडलो. मेधा दारात आली आणि पुसायला पंचा देऊन गेली.

दीड महिना मी समजत होतो की माणूस फक्त माझा गेला. पण रोज गणपतीशी बोलणारं या घरात एकच माणूस होतं. तेही गेलं, आणि त्याला कोणी कळवलंसुद्धा नव्हतं.

बाबांशी खोटं बोललो, ते सलतच राहणार. पण कालपासून बस पकडण्याआधी पाच मिनिटं देवापुढे बसतोय. मागायचं काही सुचत नाही... आज सकाळी त्याला सांगितलं, येत्या गुरुवारी पाणी येणार नाहीये. बाबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं.