शेपा भाजून झाल्यावर

बायांनो, आज सकाळी मी ओवा आणि बाळंतशेपा भाजून डबी नातीच्या हातात दिली. दूध यावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला देतात.

ती म्हणाली, "आजी, कुणासाठी गं?"

तिचं बाळ परवाच गेलं, दवाखान्यात. मला ठाऊक होतं, तरी हात आपले शेपा भाजत राहिले.

शेजारीण म्हणाली, "देवाची मर्जी." म्हटलं, "तू गप चहा पी."

छत्रीसारख्या फुलांचं हे सगळं खानदान मी नुसत्या वासावरून ओळखते. ओवा, बडीशेप, वाडीच्या पाटाकडेला आपसूक उगवतो तो शेपूसुद्धा. सगळे दूध आणणारे.

नातीचा गाऊन पुन्हा भिजलाय. दूध आटवायला तुमच्याकडे काय देतात?