बाण सोडून सगळं येतं

सुनंदादीदी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच एक चिडका मेसेज टाइप करत होते. "दीदी, पुन्हा नुसती नावं आली, बाण आलेच नाहीत." तो मेसेज पाठवला नाही, पुसलाही नाही…

आमच्या शहरातल्या गोरखपूर बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या बायांना हटवून नव्या शेडमध्ये न्यायचं ठरलं, आणि कोण कुठे बसेल ते बायांसोबत काम करणाऱ्या आम्ही दोघींनीच लिहून द्यावं असं महापालिकेच्या कार्यालयाने सांगितलं. शाळेतून निवृत्त झालेल्या दीदींनी कॉम्प्युटरवर माइंड मॅप केला. मधे बाजार, त्याला भाजी, फुलं, बांगड्या अशा फांद्या, फांद्यांवर नावं. आणि नावाकडून नावाकडे जाणारे बाण. रामकली भाजी विकते, तिचं लेकरू फुलवाली मुन्नी सांभाळते, म्हणून दोघींमधे बाण. मी पत्रकं लिहून वाढलेली, माझा प्रोग्राम वेगळा. त्यात मथळा आणि मथळ्याखाली मुद्दे. दोन्ही प्रोग्रामना कळणारी एक सामाईक फाइल असते म्हणे. तिला फक्त कशाखाली काय आहे तेवढं कळतं. कोण कोणाला धरून आहे, यासाठी तिच्यात जागाच नाही. बाण वाटेतच गळायचे.

मग दर वेळी दीदींचा फोन यायचा. "फाइल मिळाली? चल, आता बाण लिहून घे."

"दीदी, फोनवरच सांगायचं तर फाइल कशाला पाठवता?"

"काहून चिडून राहिली? माझाच प्रोग्राम घे ना."

"तो विकत घ्यावा लागतो."

"आणि तुझा फुकटचा आहे म्हणून मी बाण सोडू?"

भांडण खरं तर वेगळंच होतं. मी म्हणायची, कार्यालयातल्या साहेबाला एक-दोन-तीन लागतं. त्या म्हणायच्या, "दे की त्याला एक-दोन-तीन. पण रामकली भाजीच्या रांगेत अन् मुन्नी फुलांच्या, तर लेकराला पाहणार कोण? तू?"

शेवटची फाइल आली, आणि बाण सांगणारा फोन आलाच नाही. यादी द्यायची मुदत त्याच आठवड्यात होती. माझ्याकडे मालाप्रमाणे लावलेली, स्वच्छ, साफ चुकीची यादी. साहेबाने शाबासकी दिली असती. संताप येतो तो याचा. माणसाने डोकं झिजवून केलेलं काम त्याच्याच मैत्रिणीला उघडून बघता येऊ नये, आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांना त्याची लाजही वाटू नये.

शेवटी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांनी, काकांनी, कॉम्प्युटर लावून दिला. बाण सगळे जागेवर होते. मी एकेक बाण साध्या वाक्यात उतरवला: रामकलीशेजारी मुन्नी हवी. वाक्य कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडतं. एकदा विचारून घ्यावं म्हणून बाजारात गेले, तर रामकली म्हणाली, "मुन्नी के बगल में? ना दीदी, हमारा बोलचाल बंद है. बच्चा अब काशीबाई देखती हैं."

परत काकांकडे. दीदींच्या नकाशाला हात लावायचं माझ्या जिवावर आलं होतं. काका म्हणाले, "खोडून टाक. तिनं शिळा बाण एक दिवस ठेवला नसता." खोडला, काशीबाईकडे नवा काढला. यादी मुदतीत गेली. बाया शेडमध्ये आपापल्या माणसाशेजारी बसल्या.

पण बाजार काही गप्प बसत नाही, आणि तो नकाशा अजून त्या एकाच कॉम्प्युटरवर उघडतो. म्हणून काही बदललं की मी दीदींच्या घरी, बैठकीच्या खोलीत जाऊन बसते. वैताग आहे. काका चहा ठेवतात आणि विचारतात, "आज काय करून राहिले बाजारवाले?"

परवा सांगितलं, रामकलीने मुन्नीकडे पाण्याची बाटली सरकवली.

"बोलल्या?"

"नाही. नुसती सरकवली."

काकांनी पडद्याकडे बोट केलं. "मग तुटक रेघेचा काढ. असं काही असलं की ती तसाच काढायची."

तुटक बाण तर कुठल्याच फाइलीतून कुठेच जात नाही… मी काढला.